कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सच्या सरकारी शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कतरिना चक्रीवादळ 29 ऑगस्ट 2005 रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लीन्स शहर बुडालं ते मात्र वाऱ्याने नव्हे, पूरसंरक्षक बांध फुटल्यामुळे. शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला आणि शेवटचं पाणी उपसेपर्यंत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. पुढच्या तेरा वर्षांत तिथली सरकारी शाळांची व्यवस्था मुळापासून बदलली. मनपा शिक्षण विभागातली मंडळी, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, शिक्षक आणि आपत्ती व्यवस्थापनात काम करणारे या प्रकरणाबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींची.

वादळाआधी तिथल्या शाळा कशा चालत होत्या?

वाईट. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं राजकारण याच मुद्द्यावर उभं राहिलं. ऑर्लीन्स पॅरिश स्कूल बोर्ड हे सात निवडून आलेल्या सदस्यांचं मंडळ. (पॅरिश म्हणजे लुइझियानातला जिल्हा.) त्याच्याकडे 120 हून जास्त शाळा आणि सुमारे 65,000 मुलं होती. पगारपत्रकातले घोटाळे इतके वाढले होते की केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयने मंडळाच्या मुख्यालयातच कार्यालय थाटलं होतं. वादळाच्या आधीच आर्थिक कारभार बाहेरच्या सल्लागार कंपनीकडे सोपवावा लागला होता. 2003 साली एका हायस्कूलमध्ये वर्गात पहिली आलेली मुलगी राज्याच्या पात्रता परीक्षेत गणितात वारंवार नापास झाली आणि तिला पदवीदान समारंभाला मुकावं लागलं. त्याच साली राज्याने नापास शाळा ताब्यात घेण्यासाठी ‘रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची यंत्रणा उभी केली. वादळापर्यंत तिच्याकडे बोटावर मोजण्याइतक्याच शाळा आल्या होत्या.

शहर बुडाल्यावर मुलं शिकली कुठे?

ह्यूस्टन, बॅटन रूज, अटलांटा, जिथे आसरा मिळाला तिथल्या शाळांत. लुइझियाना आणि मिसिसिपी मिळून सुमारे 3.7 लाख विद्यार्थी विस्थापित झाले. त्यांना प्रवेश मिळाला तो आधीपासून असलेल्या एका कायद्यामुळे. बेघर मुलाला दाखला, लसीकरणाचा कागद, रहिवासी पुरावा यांपैकी काहीही नसलं तरी शाळेने ताबडतोब बसवून घ्यायचं, असं मॅकिनी-व्हेंटो कायदा सांगतो. वादळात घर गेलेलं प्रत्येक मूल या व्याख्येत बसत होतं, त्यामुळे नवा आदेश काढण्यात वेळ गेला नाही.

पैशाची सोय मागाहून झाली. डिसेंबर 2005 अखेरच्या कायद्याने, विस्थापित मूल ज्या शाळेत शिकतंय तिला त्या वर्षासाठी दर मुलामागे 6,000 डॉलरपर्यंत, आणि मूल दिव्यांग असेल तर 7,500 डॉलरपर्यंत देण्याची तरतूद केली.

आपल्याकडेही याला आधार आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 सांगतं की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 14 वयाच्या पुराव्याबद्दल तेच सांगतं. पुराच्या वेळी मुख्याध्यापकांना हे माहीत असतं, कार्यालयातल्या लिपिकाला नसतं आणि अडवणूक तिथेच होते. पावसाळ्याआधी ही दोन कलमं छापून प्रवेशाच्या खिडकीवर चिकटवली तरी पुष्कळ काम होतं.

शहरातली पहिली सरकारी शाळा कधी उघडली?

28 नोव्हेंबर 2005. बेंजामिन फ्रँकलिन प्राथमिक शाळा. डिसेंबरच्या मध्यात नदीपलीकडच्या अल्जीयर्स भागातल्या शाळा सुरू झाल्या. मिसिसिपी नदीने शतकानुशतकं गाळ टाकून स्वतःच्या काठाला उंच पट्टा तयार केला आहे. जुनी वस्ती त्या पट्ट्यावर आहे आणि तो बराचसा कोरडा राहिला. नंतर दलदल उपसून वसवलेला, खोलगट भाग बुडाला. ‘कोणती शाळा आधी उघडायची’ याचं उत्तर शहराच्या चढ-उतारानेच ठरवून टाकलं होतं. ज्या मुलांची घरं खोलगट भागात होती त्यांची शाळा शेवटी उघडली, काहींची कधीच उघडली नाही.

जुन्या मंडळाने आपल्याच शाळा एकेक करून का उघडल्या नाहीत?

कारण त्या शाळा त्याच्याकडे राहिल्याच नाहीत. 30 नोव्हेंबर 2005 रोजी गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी ‘ॲक्ट 35’ वर सही केली. राज्यात शाळांना 200 पैकी गुण दिले जात. त्याआधी 60 च्या खाली गुण असलेली शाळा नापास धरली जाई. नव्या कायद्याने न्यू ऑर्लीन्ससारख्या संकटातल्या जिल्ह्यांपुरती ही रेषा राज्याच्या सरासरीवर, म्हणजे 87.4 वर नेली. एका सहीसरशी शहरातल्या 100 हून जास्त शाळा राज्याच्या रिकव्हरी डिस्ट्रिक्टकडे गेल्या. मंडळाकडे मूठभर, बहुतांशी चांगले निकाल असलेल्या शाळा उरल्या.

नापास शाळा ताब्यात घेणं एकवेळ समजू शकतं. रेषा सरकवून ताब्यात घेणं वेगळं. आणि ज्यांच्या शाळा गेल्या ते पालक तेव्हा परराज्यांतल्या निवाऱ्यांत होते. सुनावणीला येणार कोण? आपत्तीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ‘तात्पुरतं’ म्हणून घेतलेले असे निर्णय 2018 पर्यंत टिकले, हे लक्षात ठेवा.

चार्टर शाळा म्हणजे नक्की काय? खासगी शाळा का?

नाही. पैसा सरकारचा, फी शून्य, प्रवेश सगळ्यांना खुला, पण कारभार एका ना-नफा संस्थेकडे. आपल्याकडच्या अनुदानित खासगी शाळेच्या हे बरंच जवळ जातं. फरक दोन. चार्टर म्हणजे ठरावीक वर्षांचा करार. निकाल आले नाहीत तर तो नूतनीकरण होत नाही आणि शाळा बंद होते किंवा दुसऱ्या संस्थेकडे जाते. दुसरा फरक शिक्षकांचा. आपल्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला 1977 च्या सेवाशर्ती कायद्याचं संरक्षण असतं आणि तो अतिरिक्त ठरला तर दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. चार्टर शाळेत संस्था आपल्या अटींवर नेमते आणि काढते.

राज्याने सगळ्या शाळा चार्टर करायचं आधीच ठरवलं होतं का, हा वाद अजून चालू आहे. एवढं खरं की केंद्राने सप्टेंबर 2005 मध्येच लुइझियानाला चार्टर शाळांसाठी 2 कोटी डॉलरहून जास्त निधी दिला. साध्या शाळा उघडण्यासाठीचा मोठा पैसा नंतर आला. शाळा उघडण्याची घाई असलेल्या माणसाला कुठलं दार आधी उघडं दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

शिक्षकांचं काय झालं?

या प्रकरणातली ही सर्वात न बुजलेली जखम. सुमारे 7,500 कर्मचारी, त्यांत 4,000 हून जास्त शिक्षक, आधी बिनपगारी ‘आपत्ती रजे’वर टाकले गेले आणि 2006 च्या सुरुवातीला सरसकट कमी केले गेले. स्वयंपाकी, बसचालक, सफाई कामगार, सगळे त्यात आले. अनेकांच्या नोटिसा वाहून गेलेल्या घरांच्या पत्त्यावर पाठवल्या गेल्या. जून 2006 मध्ये शिक्षक संघटनेचा सामूहिक करार संपला आणि पुन्हा झाला नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. 2012 मध्ये कनिष्ठ न्यायालयात आणि जानेवारी 2014 मध्ये अपिलात कर्मचारी जिंकले. ऑक्टोबर 2014 मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. कर्मचाऱ्यांचा मुख्य मुद्दा साधा होता: कमी करताना ज्येष्ठतेनुसार परत बोलावण्याची यादी करायला हवी होती, ती केली नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. वादळाआधी शहरातले सुमारे 71 टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. 2014 पर्यंत ते प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. त्यांच्या जागी आले ते बहुतांशी तरुण, बाहेरगावचे, ‘टीच फॉर अमेरिका’सारख्या कार्यक्रमांतून दोन वर्षांसाठी आलेले. त्यातले काही उत्तम शिकवत. पण ज्या शाळेत आजीला, आईला आणि मुलीला एकाच बाईंनी शिकवलं, ती शाळा दर दोन वर्षांनी नव्या चेहऱ्यांची झाली की पालक कुणाला ओळखणार?

आर्थिकदृष्ट्याही हे महागात पडलं. 2006 च्या उन्हाळ्यात राज्याला शिक्षक हवे होते, तेव्हा जुन्या शिक्षकांचे आजचे फोन नंबर कुणाकडेच एकत्र नव्हते.

जानेवारी 2007 मध्ये मुलांना शाळेतून परत पाठवलं, हे खरं आहे का?

खरं आहे. सुमारे 300 मुलं प्रतीक्षा यादीवर ठेवली गेली. जिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे तिथे सरकारी शाळेच्या दारात ‘जागा नाही’ असं सांगितलं गेलं.

का झालं ते नीट पाहा, कारण कुणी मुद्दाम केलं नव्हतं. चार्टर शाळेची पटमर्यादा करारात ठरलेली. ती भरली की दार बंद. जुनं मंडळ आपल्या उरलेल्या शाळांपुरतं जबाबदार. मग प्रत्येक आठवड्याला शहरात परतणाऱ्या कुटुंबांची मुलं रिकव्हरी डिस्ट्रिक्टच्या वाट्याला आली. तिच्याकडे दुरुस्त इमारती नव्हत्या, शिक्षक नव्हते आणि नाताळनंतर किती मुलं येतील याचा अंदाजही नव्हता. शहरात सगळ्या मिळून जागा होत्या. त्या कोणत्या शाळेत किती आहेत हे सांगणारी एकच यादी कुणाच्या हाती नव्हती. नंतर न्यायालयात दाद मागितली गेली, वाढीव वर्ग उघडले आणि मुलं सामावली.

पुराचं पाणी गेलेली शाळेची इमारत साफ कशी करतात? न्यू ऑर्लीन्समध्ये काय चुकलं?

वेळ चुकली. ओली वस्तू 24 ते 48 तासांत वाळवली तर बुरशी धरत नाही. तिथे पाणी आठवडेच्या आठवडे तुंबलं, वीज नव्हती, उन्हाळ्याची दमट हवा आणि खिडक्या बंद. पाणी चार फुटांपर्यंत चढलं होतं अशा खोल्यांतही बुरशी छतापर्यंत पोचली. ज्या शाळा बुडाल्या नाहीत त्यांची छपरं वाऱ्याने उचकटली आणि वरचे मजले पावसात भिजले. आठवडेभर वीज नसलेल्या स्वयंपाकघरांतले फ्रीज तर उघडायच्या लायकीचेच राहिले नव्हते, ते बंदच बाहेर काढले गेले.

कामाचा क्रम असा असतो:

1. आधी स्थापत्य आणि वीज तपासणी. खारट पाण्यात बुडालेलं पॅनेल, स्विच, वायरिंग वाळवून वापरत नाहीत, बदलतात. गंज आतून पुढे सरकत राहतो.
2. मग फोटो. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, पाण्याची रेष आणि शेजारी उभी धरलेली मोजपट्टी. पंचनाम्याआधी सामान हललं की भरपाईचा दावा अर्धा होतो.
3. ॲस्बेस्टॉसची तपासणी. जुन्या अमेरिकी शाळांत फरशीच्या टाइल्स आणि पाइपांवरच्या आवरणात ते असतं. तपासणीशिवाय तोडफोड केली तर घरभर धूळ पसरते आणि पुढचं काम दहापट महाग होतं.
4. जिप्सम बोर्डच्या भिंती पाण्याच्या रेषेच्या किमान एक फूट वरपर्यंत कापून टाकायच्या. बुरशी त्याहून वर असेल तर पूर्ण. आतला इन्सुलेशनचा कापूस, गालिचे, छताच्या फायबर टाइल्स, अस्तर असलेले वातानुकूलनाचे डक्ट: हे काहीच वाचत नाही.
5. उरलेला सांगाडा घासायचा, हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढायचा, वाळवायचा. कामगारांना एन-95 मास्क, चष्मा, हातमोजे. नुसतं ब्लीच शिंपडून वर रंग मारला तर दोन महिन्यांत डाग पुन्हा वर येतो.

आपल्याकडे भिंती विटांच्या किंवा चिऱ्याच्या, त्यामुळे तोडफोड कमी आणि वाळवण जास्त. घाईत रंग दिला की भिंतीला लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात. रंग कधी द्यायचा ते पाहायची सोपी युक्ती आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक प्लास्टरवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. 24 तासांनी आतून दव धरलं असेल किंवा भिंत काळपट दिसली तर अजून थांबा. पिण्याच्या पाण्याची टाकी उपसून, घासून, मगच टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर. स्वच्छ दिसणाऱ्या 1,000 लिटर पाण्याला साधारण 2.5 ग्रॅम, गढूळ असेल तर जास्त. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी; असेल तर रंग पिवळा येतो. पावडरचा डबा उघडा राहिला असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो आणि माप कितीही अचूक घेतलं तरी टेस्ट पिवळी येत नाही.

रिकाम्या इमारतीला राखणदार हवाच. तांब्याच्या तारा आणि पाइप चोरीला जाणं हे प्रत्येक आपत्तीनंतरचं दुसरं नुकसान असतं.

बांधकामाला पैसा कुठून आला आणि एवढा वेळ का लागला?

मुख्य पैसा केंद्रीय आपत्ती संस्था फेमाचा. फेमाची पद्धत प्रतिपूर्तीची: आधी नुकसान दाखवा, कागद तयार करा, खर्च करा, मग पैसे घ्या. बुडालेल्या संस्थेकडे ‘आधी खर्च करायला’ रोकड नसते, हा पहिला अडथळा. एरवी केंद्र 75 टक्के देतं. कतरिनासाठी 2007 मध्ये स्थानिक वाटा माफ झाला.

दुसरा अडथळा निम्म्याच्या नियमाचा. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर फेमा नवी इमारत देते, नाहीतर फक्त दुरुस्ती. त्यामुळे प्रत्येक इमारतीवर एकच भांडण: निरीक्षक म्हणणार 42 टक्के, शाळा म्हणणार 58. (हे आकडे नमुन्यादाखल.) दर इमारतीचा वेगळा कागद, प्रत्येक कागदावर महिनोन्महिने फेरतपासणी.

तिसरा अडथळा विम्याचा. पूरप्रवण क्षेत्रातल्या सरकारी इमारतीचा पूरविमा उतरवलेला नसेल, तर जो विमा मिळू शकला असता तितकी रक्कम मदतीतून वजा होते. इमारतीला 5 लाख डॉलर आणि आतल्या सामानाला 5 लाख डॉलर ही तेव्हाची कमाल मर्यादा. एका शाळेच्या आवारात तीन-चार इमारती असल्या की वजावट किती वाढते, याचा हिशेब तुम्हीच करा.

गाठ सुटली ती ऑगस्ट 2010 मध्ये. संसदेने आधीच कायद्यात केलेल्या खास तरतुदीमुळे सगळे कागद एकत्र करून 1.8 अब्ज डॉलरची एकरकमी तडजोड झाली. याचं महत्त्व रकमेपेक्षा मुभेत जास्त होतं. जुनी शाळा होती तिथेच आणि तशीच बांधण्याचं बंधन सुटलं. ज्या वस्तीत मुलंच उरली नाहीत तिथला पैसा मुलं असलेल्या वस्तीत वापरता येऊ लागला. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती. वादळाच्या वर्षी पहिलीत असलेलं मूल तडजोड झाली तेव्हा सहावीत पोचलं होतं.

किती शाळा बांधायच्या, हे कसं ठरवलं?

इथेच खरी कसोटी होती. 2000 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4,84,674 होती. 2010 मध्ये 3,43,829. मधल्या काळात कोण परतणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 2008 मध्ये शहरभराचा शाळा-इमारतींचा बृहत् आराखडा झाला. त्याचा गाभा असा: आधी होत्या त्याहून बऱ्याच कमी शाळा, पण नव्या, उंचावर घेतलेल्या आणि वीज-पाणी वाचवणाऱ्या. पुरानंतर आलेल्या तात्पुरत्या नकाशांनुसार अनेक भागांत जमिनीच्या सर्वात उंच पातळीपासून किमान तीन फूट वर जोतं घेणं भाग होतं. लँग्स्टन ह्यूज प्राथमिक शाळा 2009 मध्ये उघडली. ती या नव्या पिढीतली पहिली.

जमिनीखालचा इतिहासही निघाला. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलची 1942 ची इमारत शहराच्या जुन्या कचरा डेपोवर उभी होती. मातीत शिसं आणि इतर जड धातू होते. माती काढून नवी भरल्याशिवाय बांधकाम करता येईना आणि आसपासच्या लोकांनी त्या जागेला विरोध केला. जुनं नाट्यगृह राखून नवी शाळा तिथे उघडायला 2019 उजाडलं. नव्या शाळेची जागा ठरवण्याआधी माती परीक्षण करतातच, पण ते पायाच्या ताकदीसाठी. रसायनांसाठी वेगळं सांगावं लागतं.

एक गोष्ट तिथल्या लोकांनी चांगली केली. डिसेंबर 2014 मध्ये मतदारांनी मालमत्ता कराचा एक हिस्सा शाळांच्या देखभालीसाठी राखून ठेवायला मंजुरी दिली. नवी इमारत मिळते, गळती काढायला पैसा मिळत नाही, हे दुखणं आपल्यालाही अनोळखी नाही.

प्रवेश कसे होतात? ‘वनॲप’ काय होतं?

सुरुवातीला प्रत्येक शाळेचा वेगळा अर्ज, वेगळी तारीख, वेगळी सोडत. ज्याला सुट्टी आणि गाडी त्याला शाळा. 2012 मध्ये एकच सामाईक अर्ज आला, तो वनॲप. (पुढे त्याचं नाव बदललं.) पालकाने आठपर्यंत शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या. शाळा कुणाला प्राधान्य देणार हे आधी जाहीर: भावंड तिथे आहे, घर त्या विभागात आहे, वगैरे. उरलेल्यांना संगणक यादृच्छिक क्रमांक देतो.

एक उदाहरण. शाळेत शेवटची एक जागा आहे. ‘अ’ ची ती पहिली पसंती आहे, ‘ब’ ची तिसरी, पण ‘ब’ चं भावंड तिथे शिकतं. ‘ब’ ला वरच्या दोन पसंतींत जागा मिळाली नाही तर तो इथे येतो आणि ‘अ’ ला तात्पुरती दिलेली जागा त्याच्याकडे जाते. ‘अ’ आपल्या पुढच्या पसंतीकडे सरकतो, तिथेही हाच नियम. कुणाचीच हालचाल उरली नाही की यादी पक्की. त्यामुळे खोटा क्रम लिहून फायदा होत नाही: जी शाळा खरंच हवी ती वर लिहावी. पहिल्या वर्षी वेगळं गणित वापरलं होतं, ते पुढच्या वर्षी बदललं.

त्रुटी राहिल्या. मंडळाकडच्या काही नावाजलेल्या शाळा वर्षानुवर्षं या अर्जाबाहेर राहिल्या. आणि संगणक जागा वाटतो, वाढवत नाही. चांगल्या शाळा थोड्या असतील तर बहुतेकांना चौथी-पाचवी पसंतीच मिळणार.

मुलं शाळेत जातात कशी?

बसने, आणि लांबून. घराजवळची शाळा हा हक्क गेल्यावर एकाच गल्लीतली सहा मुलं सहा शाळांत जाऊ लागली. प्रत्येक संस्थेची वेगळी बस तोच रस्ता पुन्हा पुन्हा कापते. काही मुलं सकाळी सहाच्या आत थांब्यावर असतात. वाहतुकीवर गेलेला पैसा वर्गात येत नाही, हे ओघानेच आलं.

दिव्यांग मुलांचं काय झालं?

एकसंध जिल्ह्यात श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी एक तज्ज्ञ शिक्षिका दहा शाळांत फिरू शकते. दहा शाळा म्हणजे दहा स्वतंत्र संस्था झाल्या की प्रत्येकीकडे असं एकच मूल असतं आणि कुणालाच तज्ज्ञ परवडत नाही. मग ‘आमच्याकडे सोय नाही, तुम्ही पलीकडची शाळा पाहा’ असं पालकांना सांगितलं जाऊ लागलं. 2010 मध्ये सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्क संस्थेने पालकांच्या वतीने खटला भरला. काही वर्षांनी तडजोड होऊन स्वतंत्र देखरेख आली. अपंगत्वाच्या प्रकारानुसार शाळेला जास्त निधी देणारं सूत्रही नंतर आलं. मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा अधिकारही 2012 पासून एका मध्यवर्ती सुनावणीकडे गेला. त्याआधी प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे होते.

एवढं करून निकाल सुधारले का?

सुधारले, आणि हे मान्य करण्यात टीकाकारांनीही कुचराई करू नये. तुलेन विद्यापीठातल्या संशोधन गटाने वादळग्रस्त इतर जिल्ह्यांशी तुलना करून दाखवलं की सुधारणांमुळे परीक्षांमधलं सरासरी स्थान 11 ते 16 शतमक (म्हणजे दर शंभर मुलांत 11 ते 16 जागा) वर गेलं. वेळेत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 2004 मध्ये सुमारे 54 टक्के होतं, 2014 मध्ये 73 टक्के झालं.

पण हे आकडे वाचताना सुरुवात किती खालून झाली होती आणि दर मुलामागचा खर्च वादळानंतर किती वाढला, हे दोन्ही शेजारी ठेवा. शिवाय यातला किती वाटा चार्टर पद्धतीचा, किती नापास शाळा बंद करण्याचा आणि किती जादा पैशाचा, हे सुटं करणं अवघड आहे. ‘चार्टर केलं म्हणून झालं’ असं जो ठामपणे सांगतो त्याच्याकडे बहुधा काहीतरी विकायला असतं.

आज शाळा कुणाच्या ताब्यात आहेत?

2016 च्या कायद्यानुसार 1 जुलै 2018 रोजी सगळ्या शाळा निवडून आलेल्या मंडळाकडे परतल्या, पण चार्टर म्हणूनच. नेमणुका, अभ्यासक्रम, वेळापत्रक संस्थांकडे. प्रवेश, सुनावणी, शाळा उघडणं-बंद करणं मंडळाच्या अधीक्षकाकडे. चार्टरबद्दलची त्याची शिफारस फिरवायला मंडळाचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. ऑगस्ट 2024 मध्ये लिया चेस स्कूल उघडली. सगळ्या शाळा चार्टर झाल्यानंतर मंडळाने स्वतः चालवायला घेतलेली ही पहिलीच. आताचा प्रश्न उलटा आहे: मुलं कमी होत आहेत आणि इमारती जास्त आहेत.

सांगली, कोल्हापूर किंवा चिपळूणसारख्या पुरात यातलं काय उपयोगी पडेल?

चार्टरचा वाद बाजूला ठेवा. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी काही दिवसांत ओसरलं आणि बाहेर हलवलेली कुटुंबं लवकरच परतली, त्यामुळे न्यू ऑर्लीन्ससारखं सगळं शहर रिकामं होण्याचा प्रसंग नव्हता. जवळचं उदाहरण शोधायचं तर 1993 चं किल्लारी, जिथे गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली आणि शाळाही त्यांच्याबरोबर हलली.

उपयोगी पडतात त्या छोट्या गोष्टी. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंद), सेवापुस्तकं आणि जडसंग्रह (सामानाची) नोंदवही तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात असतात. कपाट बुडालं की गंजून दारच उघडत नाही आणि आत कागदाचा लगदा होतो. सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदींत चालू वर्षाची मुलं सापडतील, पण 1980 साली शाळा सोडलेल्या माणसाला जातपडताळणीसाठी लागणारा उतारा फक्त त्या जुन्या रजिस्टरात आहे. मे महिन्यात रजिस्टरची सगळी पानं मोबाइलने स्कॅन करा, एक प्रत केंद्रप्रमुखांकडे आणि एक पूररेषेबाहेरच्या शाळेत ठेवा. मूळ रजिस्टर वरच्या मजल्यावर न्या. मजला नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून गुंडाळा आणि मागच्या पुराची खूण भिंतीवर जिथे आहे तिच्या तीन फूट वर फळी ठोका. त्याच पिशवीत प्रत्येक शिक्षकाचा आणि प्रत्येक मुलाच्या घरचा असे दोन-दोन फोन नंबर, त्यातला एक गावाबाहेरच्या नातेवाइकाचा.

भिजलेलं रजिस्टर वाचवता येतं का?

बरेचदा येतं. उन्हात टाकू नका, पानं एकमेकांना चिकटतात. चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच निथळवा, बंद ठेवूनच. मग पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझरही चालतो. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि अभिलेखागाराच्या तज्ज्ञांना विचारायला वेळ मिळतो. लिखाण शाईच्या पेनाचं असेल तर ते पाण्यात पसरतं, म्हणून अशा वह्या आधी फ्रीझरमध्ये टाका. बॉलपेनच्या वह्या नंतर.